फिल्मचा लूक घ्या, फिल्मचं वय घेऊ नका

डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला फोटो फिल्मवर काढल्यासारखा दिसावा म्हणून धडपडणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे. त्यात मला फसवेगिरी वाटत नाही, आणि ‘खरा रोल वापरा, नाहीतर गप्प बसा’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण ‘फिल्म लूक’ या एकाच पाटीखाली सध्या दोन वेगळे उद्योग चाललेत. फिल्म प्रकाशाला जशी वागवायची तसं डिजिटल फाइलला वागायला लावणं, हा पहिला. आज काढलेल्या फोटोवर तीस-चाळीस वर्षांचं म्हातारपण चढवणं, हा दुसरा. पहिल्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दुसरा थांबायला हवा, निदान घराबाहेर जाणाऱ्या फोटोंपुरता तरी. हे मी नाशिककर म्हणून म्हणतोय, कारण २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय आणि त्या काळात या शहराचे जितके फोटो निघतील तितके आजवर कधी निघाले नसतील.

नाशिकमध्ये हा लूक कुठे दिसतो ते वेगळं सांगायला नको. गंगापूर रोडच्या पुढचे द्राक्षमळे, धरणाचं बॅकवॉटर, अंजनेरीचा पायथा इथे सुट्टीच्या दिवशी प्री-वेडिंगवाल्यांच्या गाड्या लागलेल्या असतात. कॉलेजातली मुलं फुजीफिल्मचा कॅमेरा घेतात तो त्यातल्या फिल्म सिम्युलेशनसाठी, म्हणजे जुन्या फिल्मसारखे रंग देणाऱ्या सोयीसाठी. ज्यांना ते परवडत नाही ते अ‍ॅपवर भागवतात. खऱ्या रोलची हौस तर आणखीच महाग: रंगीत छत्तीसचा एक रोल आज हजार रुपयांच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो, तो धुवायला बहुतेक वेळा कुरिअरने बाहेरगावी पाठवावा लागतो, आणि घरीच धुतला तर वापरलेलं हायपोचं, म्हणजे फिल्मवरचं चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाचं, पाणी ओतायचं कुठे हा प्रश्न राहतोच. गोदावरीच्या काठी राहणाऱ्याने हा शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नये.

लोकांना फिल्मची एवढी आठवण का येते, याचं उत्तर मोबाइलच्या फोटोत आहे. पहाटे नारोशंकराच्या देवळापाशी घाटावर उभे राहा. दगड काळा, पाण्याने भिजून आणखी काळा. पायऱ्यांच्या ओल्या कडांवर उजेडाची एक बारीक रेघ. कोणीतरी पितळी तांब्या घासतंय, पलीकडे शेकोटीचा धूर पाण्यावर रेंगाळलाय. आता मोबाइलने फोटो काढा. तो एका बोटासरशी पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेतो, सावलीतला भाग एकातून उचलतो, उजेडातला दुसरीतून, आणि सगळं एकत्र जोडून देतो. मग सावलीतला दगड राखाडी होतो, धूर जवळजवळ पुसला जातो, आकाश निळंशार होतं आणि तांब्यावरची चकाकी कातरीने कापल्यासारखी टोकदार दिसते. कानाकोपऱ्यातलं सगळं दिसतं, पहाट तेवढी निघून जाते. फिल्मने तो दगड काळाच ठेवला असता. अंधाराला अंधार राहू देण्याची ही रीत ज्याला डिजिटलमध्ये परत आणायची आहे तो नुसत्या आठवणींत रमलेला माणूस नाही. त्याची नजर शाबूत आहे.

ही रीत येते कुठून, ते थोडं खोलात जाऊन बघायला हवं, कारण इथेच नक्कल आणि समज यांच्यातला फरक कळतो. हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी १८९० मध्ये फिल्मवर, म्हणजे त्या काळच्या काचेच्या प्लेटवर, किती प्रकाश पडला की किती काळेपणा येतो याचा आलेख मांडला. तो आलेख सरळ रेषेत जात नाही. खाली पायथ्याशी तो सावकाश उचलतो, मधे सरळ चढतो आणि वर पोचताना खांद्यासारखा वळतो. हा खांदा महत्त्वाचा. निगेटिव्हवर उजेड वाढत गेला तरी तपशील एकदम तुटत नाही, हळूहळू मावळत जातो. डिजिटल सेन्सरला असा खांदा नसतो. दुप्पट प्रकाश पडला की तो दुप्पट मोजतो, आणि त्याची मर्यादा भरली की पुढे नुसता पांढरा. त्या पांढऱ्यात नंतर काही सापडत नाही. म्हणून जुने लोक निगेटिव्ह फिल्मवर सावलीचं मीटरिंग करायचे, म्हणजे सावलीतल्या उजेडाचं माप घ्यायचे, आणि उजेडाला त्याच्या नशिबावर सोडायचे. डिजिटलवर उलटं करावं लागतं: उजेड आधी सांभाळायचा, सावली मागाहून बघायची.

त्यामुळे खरा फिल्म लूक फोटो काढतानाच सुरू होतो, प्रीसेट, म्हणजे रंगांचा तयार साचा, त्याच्या नंतरचा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने रंग न बदललेली कच्ची फाइल, घ्या. चकाकणाऱ्या भागाकडे बघून अर्धा ते एक स्टॉप एक्स्पोजर कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश). मग संगणकावर उजेड-सावलीच्या आलेखात, म्हणजे कर्व्हमध्ये, वरच्या टोकाला तो खांदा हाताने द्या आणि सावल्या उचलायचा मोह आवरा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवण्याची सोय, ‘डेलाइट’वर ठेवून विसरून जा. ही शेवटची गोष्ट फार थोडे लोक करतात, आणि माझ्या मते फिल्मची सगळ्यात मोठी खूण तीच होती. बाजारात मिळणारा साधा रंगीत रोल दिवसाच्या उजेडासाठी, साधारण ५५०० केल्विनसाठी, बनवलेला असे. त्यामुळे पिवळ्या बल्बखालचं घर पिवळंच यायचं, ट्यूबलाइटखालचं दुकान हिरवट यायचं आणि संध्याकाळ संध्याकाळसारखी दिसायची. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स हे सगळे फरक इस्त्री फिरवल्यासारखे सपाट करतो. तो बंद केला की निम्मं काम झालं.

ग्रेनचंही तसंच. फिल्मचा ग्रेन म्हणजे फोटोवर पसरलेली पूड नाही. चित्र त्या ग्रेनचंच बनलेलं असतं: काळ्यापांढऱ्या फिल्मवर चांदीचे कण, रंगीत फिल्मवर चांदी धुऊन काढल्यावर मागे राहिलेले रंगांचे ठिपके. तो सगळीकडे सारखा दिसत नाही. मधल्या छटांमध्ये जास्त जाणवतो, लख्ख उजेडात जवळजवळ नाहीसा होतो. अ‍ॅपवाले पांढऱ्याशुभ्र आकाशावरही तितकीच वाळू टाकतात, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खोटं आहे हे कळतं. दिव्याभोवती तांबूस वलय येतं त्याचीही हीच गत. प्रखर प्रकाश फिल्मच्या थरांतून आरपार जाऊन मागच्या पट्टीवर आपटतो आणि परततो, परतताना सगळ्यात खालच्या, लाल प्रकाश टिपणाऱ्या थराला आधी लागतो, म्हणून वलय तांबडं. घाटावर सोडलेल्या दिव्यांभोवती ते शोभेल. दुपारी बाराला भावल्यांच्या दुकानाभोवती ते कशासाठी?

फुजीफिल्मबद्दल लोक म्हणतात की ही नुसती जाहिरातबाजी आहे. मला तसं वाटत नाही. वेल्व्हिया ही स्लाइड फिल्म त्याच कंपनीने १९९० मध्ये काढली. जी कंपनी स्वतः फिल्म बनवत आली तिने आपलंच रंगांचं ज्ञान सेन्सरमागच्या गणितात उतरवलं, तर तो वारसा आहे, त्याला उसनवारी म्हणता येणार नाही. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुनाही १९७५ मध्ये फिल्म बनवणाऱ्या कोडॅकच्याच प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने जुळवला होता. फिल्म आणि डिजिटल यांचं भांडण आपण बाहेरच्यांनीच जास्त रंगवलंय.

इथवर मी या मंडळींसोबत आहे. वाट फुटते ती पुढे.

फिल्म लूकच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रीसेटमध्ये एक लालसर, विटका रंग असतो. तो फिल्मचा रंग नाही, फिल्मच्या आजाराचा रंग आहे. सत्तरच्या दशकातले रंगीत प्रिंट अल्बममध्ये अंधारात पडून राहिले तेव्हा त्यांच्यातला निळसर सायन रंग आधी उडाला आणि उरलेलं चित्र तांबडट दिसायला लागलं. ज्या दिवशी तो प्रिंट स्टुडिओतून घरी आला त्या दिवशी आकाश निळं होतं आणि नवरीचा शालू हिरवा होता. कोडॅक्रोमच्या स्लाइड, ज्या १९३५ पासून २००९ पर्यंत निघत होत्या, अंधारात नीट ठेवल्या असतील तर आजही झळझळीत दिसतात. म्हणजे आपल्या आजी-आजोबांचं जग तपकिरी नव्हतं. आपण आज प्रत्येक फोटोवर तो विटका रंग चढवतो तेव्हा पुढच्या पिढीला त्यांच्या जगाबद्दल चुकीची गोष्ट शिकवतो, आणि स्वतःच्या आजच्या चांगल्या रंगांना विनाकारण बाद करतो.

याहून जास्त टोचणारी गोष्ट त्वचेच्या रंगाची. कोडॅक लॅबवाल्यांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याची कार्डं पाठवायची, त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचा चेहरा असायचा. ‘शर्ली कार्ड’ हे त्याचं प्रसिद्ध नाव. तिची कांती नीट आली की मशीन बरोबर लागलं. गडद तपकिरी छटा सुधारण्याकडे कंपनीचं लक्ष गेलं त्यात फर्निचरवाल्यांच्या आणि चॉकलेटवाल्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता, असं कंपनीतल्या जुन्या जाणत्यांनीच संशोधकांना सांगितलंय. लाकडाचा आणि चॉकलेटचा रंग बरोबर यावा म्हणून सावळ्या माणसांचं काम झालं. आपल्याकडचे स्टुडिओवाले या फिल्मशी आयुष्यभर झगडले. सावळ्या चेहऱ्यासाठी उजेड वाढवून, पावडर लावून, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून त्यांनी माणसं वाचवली. आता डिजिटल सेन्सर आपली कांती तेव्हापेक्षा कितीतरी बरी टिपतो, आणि आपण परदेशातल्या कोणाच्या तरी चेहऱ्यावर बेतलेला प्रीसेट विकत घेऊन ती पुन्हा बिघडवतो. हळदीच्या फोटोंवर हा प्रकार बघवत नाही. असे प्रीसेट पिवळ्याला मोहरीकडे ढकलतात आणि हिरव्याला शेवाळाकडे. हळद चिखलासारखी दिसते, आंब्याची पानं वाळल्यासारखी, आणि मुलीचा गहूवर्णी चेहरा आजारी. फोटोग्राफर सांगतो, ‘हाच फिल्म टोन आहे.’ त्या मुलीच्या आईच्या लग्नात खऱ्या फिल्मवर काढलेले फोटो नीट धुतलेले असतील तर त्यांत हळद पिवळीच असेल.

आता मूळ मुद्दा, वयाचा. स्क्रॅच, धुळीचे ठिपके, कडेने शिरलेला नारिंगी उजेड, पिवळा पडलेला कागद आणि कोपऱ्यातले तांबूस आकडे. नव्वदच्या दशकातल्या कॅमेऱ्यांमध्ये तारीख छापायची सोय होती, ते हे आकडे. एका लोकप्रिय अ‍ॅपने तर हे आकडे ठरावीक १९९८ सालावरच लावून ठेवले होते: फोटो आजचा, साल १९९८. काही अ‍ॅप फोटोभोवती भोकांची काळी पट्टी जोडतात आणि तिच्यावर कोडॅकच्या फिल्मचं नाव आणि फ्रेमचा क्रमांक छापतात. ही कडेची छपाई खऱ्या निगेटिव्हवर फार कामाची असते. एखाद्या निगेटिव्हवर अमुक फिल्मचं नाव आहे म्हटल्यावर ती फिल्म बाजारात येण्याआधीचा तो फोटो असू शकत नाही, एवढं तरी नक्की सांगता येतं. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने १९६७ पासून फिल्म बनवायला सुरुवात केली आणि ‘इंदू’ या नावाने ती देशभर विकली. कडेला ते नाव दिसलं की फोटो त्या आधीचा नाही हे झालं सिद्ध. अ‍ॅप नेमकी हीच खूण खोटी छापतं.

‘मौज म्हणून करतात, तुम्हाला एवढं काय लागलं?’ असं मला विचारतात. घरच्या अल्बममध्ये, मित्रांच्या ग्रुपवर ही मौज खुशाल करावी. पण फोटो घरात राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की त्यासोबतची मूळ माहिती, कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, ती गळून पडते. उरतं ते फक्त दिसणारं चित्र. आणि ते चित्र ओरडून सांगत असतं की मी १९९८ चा आहे.

नाशिकमध्ये याने काय बिघडतं ते पुरावरून कळेल. गोदेला पूर आला की काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून अख्खं गाव पुराचं माप काढतं. कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याशी आलं, ही आपली भाषा. १९६९ चा महापूर जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. त्यानंतर २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर आपण पाहिले. सराफ बाजारात पाणी शिरणार की नाही, पूररेषा कुठे धरायची, काठावर कोणाला बांधकामाला परवानगी द्यायची, या सगळ्या वादांत जुन्या पुरांचे फोटो पुढे केले जातात. समजा उद्या कोणी २०१९ चा मारुतीचा फोटो काळापांढरा केला, ग्रेन टाकला, दोन ओरखडे मारले आणि फक्त ‘आठवणीतला पूर’ लिहून सोडून दिला. फ्रेममध्ये नुसती मूर्ती आणि पाणी आहे. विजेचा खांब नाही, दुकानाची पाटी नाही, पूल नाही. दहा वर्षांनी कोण सांगणार की हा १९६९ नाही? त्या मुलाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. तरीही एका पुराची उंची दुसऱ्या पुराच्या नावावर जमा होईल.

गोदापात्रातल्या कुंडांचंही असंच. पात्रात काँक्रीट ओतल्याने जुनी कुंडं बुजली, ते काँक्रीट काढून ती मोकळी करावीत, ही मागणी इथे कित्येक वर्षं लढवली जातेय आणि विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा वेळी जुना खरा फोटो म्हणजे पायऱ्या कुठे होत्या, कुंडाची कड कुठे होती याची साक्ष. त्या साक्षीदारांच्या रांगेत आपण वेशांतर केलेले तोतये उभे करत गेलो, तर समोरचा वकील एक दिवस सगळीच रांग खोटी ठरवेल. आणि २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी तर विसरता येणारच नाही. त्या पर्वणीचे, त्या गल्ल्यांचे, त्या बॅरिकेड्सचे फोटो २०२७ ची गर्दी कशी हाकायची हे ठरवणाऱ्यांनी रोज समोर ठेवावेत असे आहेत. त्यांच्यात बनावट जुन्याची भेसळ होणं मला सहन होत नाही. एका वाक्यावर हवा तसा जुना फोटो बनवून देणारी एआयची साधनं हाताशी आल्यावर तर खऱ्या फोटोग्राफरने आपल्या तारखेबाबत जास्तच काटेकोर राहायला हवं.

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल, फिल्मच्या काळात काय सगळं सत्यच होतं? स्टुडिओत रंगवलेले पडदे होते, ताजमहाल होता, चंद्र होता. काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरले जायचे. रिटचिंगवाला सुरकुत्या आणि देवीचे व्रण पुसायचा. खरं आहे, आणि नाशिकला तर हा वारसा थोरला आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये आपलं चित्रपटाचं बस्तान इथे हलवलं आणि कॅमेऱ्याच्या करामतींनी देव उडवले, राक्षस प्रकट केले. पण फाळके तिकीट लावून गोष्ट दाखवत होते, आणि बघणाऱ्याला ती गोष्ट आहे हे माहीत होतं. पडद्यावरच्या ताजमहालासमोर बसलेलं जोडपं आग्र्याला गेलं नव्हतं हे घरातलं पोरसुद्धा जाणत होतं. आणि स्टुडिओवाला एका बाबतीत कधी खोटं बोलत नव्हता. प्रिंटच्या मागे त्याचा शिक्का असायचा, त्यावर बहुतेक वेळा तारीख किंवा नंबर असायचा. चेहरा उजळ करून दिला, काळ तसाच ठेवला.

फाळक्यांचं नाव निघालं म्हणून हेही बोललं पाहिजे. त्यांनी केलेल्या कामाचा बहुतांश भाग नष्ट झाला. जे थोडंफार उरलं ते १९६४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलं म्हणून. ज्या गावाने भारतीय सिनेमाच्या जनकाच्या फिल्म हातातून जाऊ दिल्या, त्या गावाने निगेटिव्हच्या बाबतीत तरी जागं असायला हवं. आपण नाही आहोत. फिल्मच्या दिसण्यावर आपण जीव टाकतो आणि खरी फिल्म माळ्यावर कुजते.

मी बोलतोय ते मेनरोड, रविवार कारंजा, नाशिकरोड, देवळाली भागातल्या जुन्या स्टुडिओंच्या निगेटिव्हबद्दल. अशा एका बंद होत आलेल्या स्टुडिओतल्या काकांनी मला त्यांचं कपाट उघडून दाखवलं. आत बिस्किटांचे डबे. डब्यात बटरपेपरची पाकिटं, उभी, दाटीवाटीने. प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर, खाली आडनाव, खाली तारीख. काहींवर नुसतं ‘घाट’, काहींवर ‘मिरवणूक’, एकावर ‘पूर – सकाळ’. एक पट्टी त्यांनी खिडकीकडे धरली. उलट्या रंगांतही पायऱ्या, माणसं, झेंडे ओळखू येत होते. पण अर्ध्या फ्रेमवर बुरशीच्या बारीक नक्षीने जाळं धरलं होतं. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, आणि आपल्या पावसाळ्यातला दमटपणा लागला की बुरशी तो खाते. दुसऱ्या डब्याचं झाकण काढताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. तो अ‍ॅसिटेटची पट्टी सडायला लागल्याचा वास. हे सडणं परत फिरवता येत नाही, आणि एका पट्टीने सुरुवात केली की शेजारच्यांनाही त्या वाफेने घाई होते. काकांच्या मुलाला ती जागा हवी आहे, त्यात त्याची काही चूक नाही.

आता या दोन गोष्टी जोडून बघा. ज्या डिजिटल कॅमेऱ्यावर आपण फिल्मचा आव आणायला तासन्‌तास घालवतो, त्याच कॅमेऱ्याने खरी फिल्म उतरवून घेता येते. मॅक्रो लेन्स, खाली सपाट पांढरा एलईडी उजेड, निगेटिव्ह ताठ धरणारी एक चौकट आणि स्टँड. निगेटिव्ह कॅमेऱ्याला समांतर ठेवायची, रॉमध्ये फोटो घ्यायचा, संगणकावर उलटवायचा. रंगीत निगेटिव्हवर मुळातच असलेली नारिंगी झाक वजा करायला थोडा सराव लागतो, काळीपांढरी तर लगेच जमते. चांगल्या ग्रेनची, खऱ्या खांद्याची, खऱ्या हॅलेशनची, म्हणजे दिव्याभोवतीच्या त्या तांबूस वलयाची, ओळख यातून जितकी होते तितकी कुठल्या प्रीसेटमधून होणार नाही. फिल्म लूकची आवड असलेल्या प्रत्येकाने आधी शंभरएक खऱ्या निगेटिव्ह उतरवाव्यात असं मला मनापासून वाटतं. कर्व्ह कशी ओढायची हे त्याला आपोआप कळेल.

हे एकट्यादुकट्याच्या हौसेवर सोडू नये. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. कागद जपण्याची सवय असलेली अशी संस्था निगेटिव्ह ठेवायलाही योग्य. महापालिका सिंहस्थासाठी रस्ते, घाट, तंबू यांवर जो खर्च करणार आहे त्यात एक कोरडी थंड खोली, दोन कॅमेरे आणि चार मुलांचं मानधन बसणार नाही, असं कोणी मला सांगू नये. सुरुवात घाट, पूर, पर्वण्या, बाजार, मिरवणुका यांपासून करावी. लग्नाच्या आणि घरगुती निगेटिव्ह वेगळ्या काढून त्या त्या कुटुंबांना विचारावं, कारण ती त्यांची खासगी बाब आहे आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कही, वेगळा करार नसेल तर, कायद्याने काढून घेणाऱ्याचाच असतो. स्टुडिओवाल्याचं नाव मात्र प्रत्येक फाइलवर हवं. या लोकांनी शहराची नोंद ठेवली आणि त्यांचं नाव कुठेच नाही.

नव्या फोटोंसाठीही एक साधा नियम हवा. सिंहस्थाच्या निमित्ताने फोटोस्पर्धा होतील, प्रदर्शनं लागतील, वर्तमानपत्रांत वाचकांचे फोटो छापून येतील. तिथे फिल्म सिम्युलेशन, ग्रेन, काळापांढरा, सगळं चालू द्यावं. खोटी तारीख, खोटे ओरखडे, खोट्या फिल्मची कड असलेला फोटो घेऊ नये. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत अंतिम फेरीला मूळ फाइल मागतात. आपल्या आयोजकांनाही ती मागता येईल, त्याला पैसे पडत नाहीत. आणि फोटोखालची ओळ छापताना दिवस, जागा, काढणाऱ्याचं नाव यांच्या शेजारी ‘डिजिटल, फिल्मसारखी छटा’ एवढे तीन शब्द घालावेत. अ‍ॅपमधला तारखेचा शिक्का कोणाला आवडतच असेल तर त्यात खरी तारीख टाकावी. २०२७ मधल्या ऑगस्टच्या पर्वणीचा फोटो २०२७ चाच दिसला तर त्याने काहीही बिघडत नाही.

ज्यांच्या घरी किंवा ओळखीत जुना स्टुडिओ आहे त्यांनी सिंहस्थाची वाट बघू नये. या पावसाळ्याआधी डबे माळ्यावरून खाली घ्या. आंबट वास येणाऱ्या पट्ट्या बाकीच्यांपासून लांब ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. ओल्या फडक्याने पुसायला तर अजिबात जाऊ नका, जिलेटिन निघून येईल. आणि निगेटिव्ह उतरवताना तिच्या आधी पाकिटाचा फोटो घ्या, वरच्या पेन्सिलीच्या अक्षरांसकट, म्हणजे दोन्ही फाइल एकापाठोपाठ एकाच क्रमाने राहतील.